म्हैस इंग्रजीत काय करते?

पत्र: मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी चौथी ते सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. इंग्रजीतले प्राण्यांचे आवाज शिकवताना पंचाईत होते आहे. एका मुलीनं पेपरात गाईपुढे 'लो' लिहिलं, शाळेत चूक मिळाली, कारण गाईडमध्ये 'मू' आहे. माझ्याकडच्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात तर 'लो'च आहे. मुलं यादी रात्री घडाघडा म्हणतात आणि सकाळी घोडा-गाढवाची अदलाबदल करतात. परवा एका पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, मंग म्हैस काय करते इंग्रजीत?" यादीत म्हैसच नाही. रोही (नीलगाय), वानर, टिटवीही नाहीत. मोरापुढे 'स्क्रीम' लिहिलं आहे, ते बरोबर का? उच्चारांची तर मला स्वतःलाच खात्री नाही. हे शिकवायचं कसं?
– शिकवणीवाली ताई, जि. वर्धा

ताई,

आधी त्या मुलीचं. तिचं उत्तर बरोबर आहे. गाय 'मू' करते आणि गाय 'लो'ही करते. फरक एवढाच की 'मू' आज सगळीकडे बोलतात-लिहितात आणि 'लो' जुन्या कवितांत, जुन्या व्याकरणांत आणि थोड्या भारदस्त लिखाणात सापडतो. पर्यायी प्रश्नात हे दोन शब्द सहसा एकत्र येत नाहीत, त्यामुळे तिथं अडत नाही. रिकामी जागा भरायची असेल तर मात्र मुलांना 'मू'च लिहायला सांगा, कारण तपासणाऱ्यापुढे उत्तरपत्रिकेची छापील किल्ली असते, शब्दकोश नसतो. शाळेतल्या सरांना शब्दकोशातलं पान दाखवायचं असेल तर मुलीच्या हाती पाठवू नका. तुम्हीच सवडीनं भेटून दाखवा.

तुमच्या यादीत गोंधळ होतो, कारण तिच्यात दोन जातींचे शब्द एकत्र कोंबलेले आहेत. पहिली जात नुसत्या नकलेची: मू, बा, वूफ, ऑइंक, ही-हॉ. आपल्याकडचं भू भू, बें बें, काव काव तसंच. दुसरी जात क्रियापदांची: लो, ब्लीट, बार्क, ग्रंट, ब्रे. म्हणजे आपलं हंबरणं, भुंकणं, खिंकाळणं. काही शब्द दोन्हीकडे चालतात, जसे मू, क्वॅक, कू, बझ. परीक्षेत विचारतात ती बहुतेक क्रियापदं. म्हणून मेंढीपुढे 'बा' लिहिलेलं पोरगं चुकलेलं नसतं, ते नकलेच्या खान्यातून बोलत असतं. वहीत तीन खाने करून द्या: प्राणी, नक्कल, क्रियापद. नकलेचा खाना काही ठिकाणी रिकामा राहील, राहू द्या.

आणखी एक गोष्ट. या याद्या मूळच्या इंग्लंडातल्या व्याकरणाच्या पुस्तकांतून उतरत आलेल्या आहेत. तिकडे म्हैस नव्हती, म्हणून यादीत म्हैस नाही. नाइटिंगेल आणि टर्की मात्र इमानदारीनं हजर. शिवाय यादीत एका प्राण्यापुढे एकच शब्द असतो, आणि शिकवण्यात खरी गडबड इथंच होते. कुठल्याच जनावराचा आवाज एक नसतो, हे तुमच्या शिकवणीतल्या मुलांना इंग्लंडातल्या मुलांपेक्षा जास्त ठाऊक आहे. जागलीला गेलेल्या पोराला कुत्रा कोल्ह्यावर भुंकतोय की रानडुक्कर पाहून, हे आवाजावरून कळतं. त्या ज्ञानावर इंग्रजी शब्द बसवा. प्राणी आणि शब्द अशी जोडी नको. प्रसंग आणि शब्द अशी जोडी करा.

सुरुवात कुत्र्यापासून करा, कारण त्याचे शब्द सगळ्यांत जास्त आहेत आणि सगळे गल्लीत ऐकायला मिळतात. अनोळखी माणूस आला की कुत्रा 'बार्क' करतो. त्याच्या भाकरीजवळ हात नेला की दात न दाखवता घशातून गुरगुरतो, ते 'ग्राउल'. ओठ वर जाऊन दात दिसले की 'स्नार्ल'. दाराबाहेर राहिला, आत यायचंय, बारीक कुंईकुंई चाललीय, ते 'व्हाइन'. शेपटीवर पाय पडला, एकदाच केकाटला, ते 'येल्प'. रात्री दुसऱ्या वस्तीवरचं कुत्रं रडतं आणि हा मान वर करून सूर लावतो, ते 'हाउल'. हे सहा शब्द सहा प्रसंगांसकट एका संध्याकाळी होतात आणि विसरले जात नाहीत. कोल्ह्याची कोल्हेकुई आणि लांडग्याचा आवाज दोन्हींना 'हाउल'च, म्हणजे ते दोन प्राणी फुकटात झाले.

मांजराकडे वळताना एक खड्डा सांभाळा. मराठीत मांडीवर बसलेलं खूश मांजरही गुरगुरतं आणि चिडलेलं कुत्रंही गुरगुरतं. इंग्रजीत मांजराचं सुखाचं ते 'पर्र' आणि कुत्र्याचं रागाचं ते 'ग्राउल'. मुलं मराठीतून उचलून 'द कॅट इज ग्राउलिंग ऑन माय लॅप' लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं आता ओरबाडणार. मांजर फिसकारतं ते 'हिस', आणि हाच शब्द सापाला व हंसाच्या जातीच्या पक्ष्यांनाही लागतो. म्यावम्यावसाठी 'म्यू' आणि 'मिआऊ' दोन्ही चालतात. 'मिआऊ'चं स्पेलिंग ब्रिटिश एक, अमेरिकन दुसरं. दोन्ही बरोबर, पण एका मुलानं एकच धरावं.

आता कोठा. गाय हंबरते ते 'मू' किंवा 'लो'. गोऱ्हा किंवा वळू मान खाली घालून, माती उकरत डुरकतो ते 'बेलो'. 'बेलो'त आवाज मोठा आणि भरदार असावा लागतो, कालवडीला तो शब्द शोभत नाही. वासरू आईसाठी ओरडतं त्याला 'ब्लीट' चालतो, जो शेळी-मेंढीला लावतात तोच. बैलाला यादीत 'लो' असतो.

आणि म्हैस. त्या मुलाला सांगा, म्हशीसाठी राखीव असा इंग्रजी शब्द नाही. तिचा आवाज ऐकून जवळचा शब्द लावायचा. म्हैस रेकते तेव्हा आवाज नाकातून, खालच्या पट्टीत येतो, गाईसारखा मोकळा नसतो. रोजच्या या आवाजाला 'ग्रंट' लावा: 'द बफेलो ग्रंट्स.' पारडू सोडलं नाही म्हणून म्हैस गळा काढते किंवा हेला चवताळतो तेव्हा 'बेलो'. काही गाईडांत म्हशीपुढे सरसकट 'बेलो' दिसतो. परीक्षेत तो पर्यायात असेल तर खुशाल निवडावा. नागपुरी असो की पुर्णाथडी, परीक्षकाला जात विचारायची नसते. म्हशीपुढे 'मू' लिहिलं तर चूक म्हणू नये, पण ज्याच्या घरी म्हैस आहे त्या पोराला स्वतःलाच ते पटणार नाही.

बकरी आणि मेंढी, दोघींना 'ब्लीट'. नक्कल म्हणून मेंढीला 'बा'. इथं आवाजापेक्षा व्याकरणच जास्त फसवतं: मेंढीच्या इंग्रजी शब्दाचं अनेकवचन तेच राहतं. म्हणून एक मेंढी असेल तर 'अ शीप ब्लीट्स', कळप असेल तर 'शीप ब्लीट'. मुलं 'शीप्स' करतात.

घोडा-गाढवाची अदलाबदल होते याला कारण आहे. घोड्याचा शब्द 'ने', गाढवाचा 'ब्रे'. दोन्हींचा शेवट सारखा वाजतो, तुम्ही ते लागोपाठ शिकवता, आणि मुलांनी घोडा पाहिलाय तो फार तर वरातीत, तोही बँडच्या गोंगाटात. वेगवेगळ्या जातीच्या जनावरांचे यमक जुळणारे नवे शब्द एकाच दिवशी देऊ नका, एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ संपतो. 'ने' आज, 'ब्रे' दोन दिवसांनी. 'ब्रे' शिकवताना मुलांना श्वास आत ओढत 'ही' आणि बाहेर सोडत 'हॉ' करायला लावा. गाढव खरंच असंच ओरडतं, एक सूर आत घेताना आणि एक सोडताना. वर्ग पाच मिनिटं हातातून जाईल, जाऊ द्या. घोड्यासाठी मोठ्या खिंकाळण्याला 'ने', ओळखीच्या माणसाला पाहून हलक्या, बारीक आवाजात करतो ते 'व्हिनी', आणि नाकानं फुरफुरतो ते 'स्नॉर्ट'. शेवटचा शब्द बैलालाही चालतो.

कोंबड्यांत एक सापळा आहे आणि परीक्षावाल्यांना तो फार आवडतो. 'क्रो' म्हणजे कावळा, पण आरवणं म्हणजेही 'क्रो'. कोंबडा 'क्रो' करतो. कावळा 'क्रो' करत नाही, तो 'कॉ' करतो. पर्यायांत दोन्ही देऊन 'क्रोज –' असं विचारलं की चांगली मुलंही पडतात. फळ्यावर एकच वाक्य लिहून ठेवा: 'द कॉक क्रोज, द क्रो कॉज.' दहा वेळा म्हणवून घ्या. जीभ अडखळते म्हणूनच ते लक्षात राहतं. कोंबडीचेही दोन आवाज वेगळे ठेवा. पिलांना घेऊन उकिरडा उकरत फिरते, मधेमधे आखूड कुक् कुक् करत बोलावते, ते 'क्लक'. खुडूक बसलेली कोंबडीही तेच करते. टोपलीतून अंडं घालून उठली आणि अख्ख्या गल्लीला कळेल असा गलका करते, ते 'कॅकल'. पिलांचं 'चीप'. बदक 'क्वॅक', आणि त्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

पाखरांमध्ये चिमणीला 'चर्प' किंवा 'ट्विटर', पारव्याला आणि होल्याला 'कू', घुबडाला 'हूट'. पण देवळाच्या किंवा जुन्या वाड्याच्या वळचणीतलं पांढरट तोंडाचं गव्हाणी घुबड 'हूट' करत नाही, कर्कश किंचाळतं, त्याला 'स्क्रीच'. पोपटापुढे याद्यांत 'टॉक' असतो, तो पिंजऱ्यातल्या पोपटाचा. ज्वारीच्या कणसांवर पडलेला थवा 'स्क्वॉक' किंवा 'स्क्रीच' करतो.

मोरापुढचं 'स्क्रीम' बरोबर आहे. आपल्याला खटकतं, कारण आपल्या कानात 'केकारव' बसलेला आहे आणि तो गोड शब्द आहे. इंग्रजीत मोराचा आवाज मोठा, चिरका म्हणून धरला गेला, आणि जवळून ऐकला तर तसं म्हणणाऱ्याला फार दोष देता येत नाही. निबंधात 'स्क्रीम' नको वाटला तर 'कॉल' लिहा: 'द पीकॉक इज कॉलिंग.'

हा 'कॉल' मुलांना जरूर द्या. ताडोब्याचे जिप्सीवाले "कॉल आला" म्हणतात तोच. पक्षी, बेडूक, हरीण, वानर, कुणालाही तो लावता येतो आणि कधी चुकत नाही. तो दिला नाही तर मुलं मराठीतल्या 'ओरडणे'ला सरळ 'शाउट' करतात आणि 'द बर्ड इज शाउटिंग' लिहून मोकळी होतात. 'शाउट' माणसाचा. शब्द आठवत नसेल तेव्हा 'कॉल' किंवा 'मेक अ साउंड', पण 'शाउट' नाही, हा नियम एकदा घालून द्या.

कोकिळेपुढे काही गाईडांत 'कू' छापलेलं असतं. तो शब्द खरा पारव्याचा. विलायती ककू पक्ष्याचं नावच त्याच्या आवाजावरून पडलंय, आणि आपल्या पक्ष्याला इंग्रजीत 'कोएल' म्हणतात, ते नाव आपल्याच भाषांतून गेलेलं आहे. पर्यायांत 'कू'शिवाय काही जुळत नसेल तर तो निवडावा. स्वतः वाक्य करताना 'कॉल्स' किंवा 'सिंग्ज' लिहावं. कुहू कुहू करतो तो काळा नर, मादी ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज किक् किक् असा तुटक असतो. म्हणून सर्वनाम लावायची वेळ आली तर इंग्रजीत 'शी' नको.

तुमच्या भागातल्या दोन पक्ष्यांवर एक तास वेगळा ठेवण्यासारखा आहे. मृगाच्या आधी पावशा ओरडायला लागतो. आपले शेतकरी त्यात 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ऐकतात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना त्याच चढत जाणाऱ्या आवाजात 'ब्रेन फीवर, ब्रेन फीवर' ऐकू आलं आणि त्यांनी त्याचं नावच ब्रेनफीवर बर्ड ठेवलं. टिटवीच्या आवाजात त्यांना 'डिड ही डू इट' ऐकू येतं. आपल्याला टिटिव् टिव्. मुलांना आधी नुसता आवाज ऐकवा, त्यांना काय ऐकू येतं ते मराठीत किंवा वऱ्हाडीत लिहू द्या, मग इंग्रजी सांगा. टिटवीचं वाक्य तर भूतकाळातल्या प्रश्नाचा चालता-बोलता नमुना आहे: 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात. व्याकरणाचा हा धडा धुऱ्यावर आयता ओरडतो आहे. क्रियापद विचारलं तर दोघांनाही 'कॉल'.

जंगलातल्या जनावरांपैकी वाघासाठी मुलांना 'रोअर' येतोच. त्याच्याबरोबर 'ग्राउल' आणि 'स्नार्ल' कुत्र्याकडून आलेले आहेत, ते इकडेही चालतात. वाघीण पिलांशी बोलताना नाकातून फुर्र् असा मऊ आवाज काढते त्याला 'चफ' म्हणतात. सातवीच्या मुलांना आवडेल, परीक्षेत येणार नाही. बिबट्याचा आवाज लाकूड करवतीनं कापल्यासारखा खर्र-खर्र येतो, आणि इंग्रजीतही तसंच म्हणतात: 'अ सॉइंग साउंड'. वानर धोका पाहून खक् करतं ते 'बार्क' किंवा 'कफ', मोठे नर झाडांवरून हूप करतात ते 'हूप', आणि माकडांची आपसातली कचकच ती 'चॅटर'. सांबराचा इशारा 'हाँक'. भेकराचं इंग्रजी नावच बार्किंग डिअर, त्यामुळे शब्द नावातच मिळाला. रोही सहसा गप्प असते. वाक्य करायचंच असेल तर 'ग्रंट'. रानडुकराला 'ग्रंट', जखमी किंवा पकडलेल्या डुकराला 'स्क्वील'. हत्तीला 'ट्रम्पेट', म्हणजे सोंडेतून काढलेला तुतारीसारखा आवाज. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, तेव्हापासून तिकडच्या मुलांना हा शब्द पुस्तकाबाहेरही लागतो. गोंदियाचा सारस क्रौंचही 'ट्रम्पेट'च करतो.

बारक्या जिवांना जास्त शब्द नाहीत. बेडूक 'क्रोक', मधमाशी 'बझ' किंवा 'हम', डास कानाशी 'व्हाइन', रातकिडा 'चर्प', उंदीर 'स्क्वीक'. पाल चुकचुकते तिला 'चर्प' किंवा 'क्लिक' लावा.

आता उच्चार, कारण इथं शिकवणाऱ्याचंच चुकलं तर वीस मुलांचं चुकतं. स्पेलिंगच्या घराण्यांप्रमाणे शब्द लावून घ्या. पहिलं घराणं ओ-डब्ल्यू. याच्या दोन चुली आहेत. एकीकडे 'काउ'सारखा 'आउ': ग्राउल, हाउल, आउल. दुसरीकडे 'ओ': क्रो, लो, बेलो. मुलं 'होल' आणि 'ग्रोल' वाचतात ते या दोन चुली एक केल्यामुळे. दुसरं घराणं ई-ए: ब्लीट, स्क्वील, स्क्वीक, तिन्ही दीर्घ 'ई'. ऐकून लिहिताना मुलं इथं दोन 'ई' घालतात. स्क्वील आणि स्क्वीक यांत फक्त शेवटचं अक्षर वेगळं, म्हणून डुक्कर आणि उंदीरही एका दिवशी घेऊ नका. खरे दोन 'ई' लागतात ते 'चीप' आणि 'स्क्रीच'ला. तिसरं, दोन 'ओ': मू, कू, हूट. चौथं ओ-ए: 'क्रोक' आणि 'रोअर'. स्पेलिंग सारखं, पण 'रोअर'मध्ये 'आर'मुळे स्वर 'ऑ'कडे झुकतो. 'ने'चं स्पेलिंग एन-ई-आय-जी-एच. शेवटचे जी-एच मुके, म्हणून 'नेघ' नाही, आपलं 'घेऊन ने'मधलं 'ने'. 'चर्प'ला आय-आर असलं तरी 'चिर्प' नाही. 'पर्र'लाही तोच स्वर, पण तिथं यू-आर-आर. 'व्हाइन'मधला 'एच' बोलला नाही तरी चालतो, पण लिहायला लागतो.

याद्यांमध्ये शब्द सुटे असतात आणि परीक्षेत वाक्य करायला लागतं, तिथं पुढच्या चुका होतात. 'डॉग बार्क' असं तिखट-मीठ नसलेलं वाक्य सगळ्यांत जास्त येतं. मराठीत 'कुत्रा भुंकतो' म्हणताना आधी काही लागत नाही, इंग्रजीत एकवचनाला 'अ' किंवा 'द' लागतो आणि क्रियापदाला 'एस': 'द डॉग बार्क्स.' अनेकवचनी सर्वसाधारण वाक्यात दोन्ही नको: 'डॉग्ज बार्क.' हिस, बझ, स्क्रीच यांना 'एस' नाही तर 'ई-एस' लागतो आणि उच्चारात एक टप्पा वाढतो: हिसिज, बझिज, स्क्रीचिज. 'ब्रे'च्या शेवटी 'वाय' असला तरी त्याच्या आधी स्वर आहे, म्हणून नुसता 'एस'. 'व्हिनी'च्या 'वाय'आधी व्यंजन आहे, तिथं 'वाय' जाऊन 'आय-ई-एस'. भूतकाळात एक मोठी सोय आहे: या पत्रातल्या आवाजाच्या जवळजवळ सगळ्या शब्दांना सरळ 'ई-डी' लागतो, वेगळी रूपं पाठ करायची नाहीत. ('सिंग' तेवढा अपवाद.) फक्त उच्चार तीन प्रकारचे. बार्क, क्रोक, क्लक, हिस यांना शेवटी 'ट': बार्क्ट, क्रोक्ट. ग्राउल, रोअर, मू, पर्र यांना 'ड': ग्राउल्ड, मूड. ज्यांच्या शेवटी आधीच 'टी' आहे त्यांना 'इड': ब्लीटिड, ग्रंटिड, हूटिड, ट्रम्पेटिड. मुलं सगळ्यांना 'एड' लावून 'बार्केड' म्हणतात. ती खोड पहिल्या दिवशीच मोडा, नंतर जड जाते.

शिकवायला पाच दिवस, रोज सहा शब्द एवढंच ठेवा. पहिल्या दिवशी कुत्रा-मांजर: बार्क, ग्राउल, व्हाइन, हाउल, म्यू, पर्र. दुसऱ्या दिवशी कोठा: मू, लो, बेलो, ग्रंट, ब्लीट आणि त्यात 'ने'. तिसऱ्या दिवशी कोंबड्या आणि अंगणातली पाखरं: क्रो, क्लक, कॅकल, कॉ, चर्प, कू. चौथ्या दिवशी ब्रे, स्क्वील, हिस, क्रोक, बझ, क्वॅक. पाचव्या दिवशी स्क्वीक, हूट, रोअर, ट्रम्पेट, चॅटर आणि कॉल. येल्प, स्नार्ल, स्नॉर्ट असले वरचे शब्द सहावी-सातवीलाच द्या, चौथीला नको. रोज आधी कालचे सहा विचारायचे, मग नवे. नव्या शब्दाचं कार्ड जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर करा. एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला प्राण्याचं नाव न लिहिता प्रसंग मराठीत लिहा: 'शेपटीवर पाय पडला', 'अंडं घालून उठली', 'पारडू सोडलं नाही'. नाव लिहिलंत की पुन्हा जोड्या पाठ करण्याचा खेळ सुरू होतो.

मुलांनाच मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगा, प्रत्येकी आठ-दहा सेकंद. धार काढायच्या वेळेला कोठ्यात सगळं मिळतं: वासरू, गाय, म्हैस, बकऱ्या. फोन तीन-चार फुटांवर धरावा, पंखा बंद असावा. उघड्यावर वारा माइकवर आला की नुसती फरफर येते, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं. 'ग्राउल' मिळावा म्हणून कुणी कुत्र्याच्या ताटाशी खेळणार नाही आणि वानर-वाघाच्या आवाजासाठी कुणी अंधार पडल्यावर रानाकडे जाणार नाही, हे आधीच बजावा. वन्य प्राण्यांचे आवाज इंटरनेटवर मिळतात ते तुम्ही उतरवून घ्या.

सहाव्या दिवशी दहा आवाज वाजवा. प्रत्येकाला नुसता शब्द नको, प्रसंगासह एक वाक्य लिहू द्या, जसं 'द हेन कॅकल्स आफ्टर लेइंग अॅन एग.' दोन गुणांपैकी एक योग्य क्रियापदाला, अर्धा स्पेलिंगला, अर्धा 'एस'ला. प्राणी बरोबर ओळखून शब्द जवळचा लिहिला असेल, उदाहरणार्थ 'क्लक'ऐवजी 'कॅकल', तर क्रियापदाचा अर्धा गुण द्या. 'शाउट' लिहिला असेल तर त्या गुणावर पाणी सोडायला लावा.

उच्चार पडताळायला मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्द टाकून स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन पर्याय असतील तर ब्रिटिश ऐका, आपली पाठ्यपुस्तकं त्याच वळणाची आहेत. 'रोअर' आणि 'पर्र'मधला शेवटचा 'आर' तिथं जवळपास ऐकू येणार नाही, तो फोनचा बिघाड नव्हे.